घसा नावाचं फोल्डर

चिन्नकुंटा
सोमवार, २ डिसेंबर

सुगुणा,

फोन उचलायचा नाही. उचललाच तर भाग्याच्या हातात द्यायचा, आणि तुझ्या त्या पोरीने मला सांगायचं, "पेद्दम्मा, अम्मा झोपलीये." सकाळी दहा वाजता? तू? उजाडायच्या आत अंगण झाडून मोकळी होणारी बाई, बिदरला मुलीकडे गेलीस आणि दहा वाजेपर्यंत लोळायला लागलीस? खोटं बोलायचं तर नीट बोलायला तरी शिकव तिला. आणि स्टुडिओची किल्ली खिडकीत ठेवून कुणी जातं का? निरोप नाही, चिठ्ठी नाही. मी सकाळी आले तर किल्लीवर मुंग्या.

बारा दिवस झाले. दोन गुरुवारी रेडिओवर तुझी 'बियांची वेळ' मी केली. माझा आवाज तुला ठाऊक आहे, कुणाला बोलावलं तरी भांडायला आल्यासारखा वाटतो. राळ्याचं बियाणं राखेत कसं ठेवायचं ते सांगितलं, तर पलीकडच्या तांड्यावरून फोन. "सुगुणा नाही का आज?" म्हटलं, नाही. "बरं मग, बंद करते," म्हणाली आणि तिने खरंच बंद केला रेडिओ. माइकजवळ बसलेली मणेम्मा तोंडाला पदर लावून हसत होती.

आता मुद्द्याचं. त्या बुधवारी संध्याकाळी जे झालं ते मशीनने आपोआप केलं. सातच्या बातम्या आणि गाण्यांच्या मध्ये चार मिनिटं रिकामी राहिली होती. रिकामी जागा दिसली की विंडोजवालं मशीन स्वतःच काहीतरी उचलून लावतं, हे तूच त्याला शिकवलंयस. एरवी गाणं लावतं. त्या दिवशी तुझी सकाळची फाइल लावली. मी बाहेर हौदावर हात धूत होते. आत येईपर्यंत संपलं होतं. एवढंच.

आणि मुळात ती फाइल असायचं कारण काय? माइकसमोर 'हॅलो हॅलो' केलं की आवाज हेडमास्तरसारखा चपटा होतो, त्यापेक्षा मनातलं खरं काहीतरी बोला, म्हणजे घसा मोकळा होतो, हे कुणाचं डोकं? तुझंच. आपल्या चौघींना एकेकटीला त्या खोलीत बसवून चार-चार मिनिटं बोलायची सवय कुणी लावली? आवाज किती चढला-पडला तो काटा नंतर बघता यावा म्हणून ते रेकॉर्ड करून 'घसा' नावाच्या फोल्डरात ठेवायचं, हेही तुझंच. मी तेव्हाच म्हटलं होतं, मनातलं मनात असू द्या. माझं कोण ऐकतं!

तू गेल्यापासून मशीनं बोलत नाहीत एकमेकांशी. रेकॉर्डिंगच्या खोलीतलं ते पेंग्विनवालं, लिनक्सचं, आणि कार्यक्रम सोडायच्या खोलीतलं हे विंडोजवालं. मध्ये निळी केबल आहे, दिवा लुकलुकतो, पण एक दिवस दिसतं, दोन दिवस दिसत नाही. गाणी मी पेन ड्राइव्हवर घालून या खोलीतून त्या खोलीत नेते. दिवसाला तीस खेपा. माझे गुडघे काय सरकारी आहेत?

आणि ऐक. २० तारखेला, शुक्रवारी, हैदराबादहून संस्थेची माणसं येणार आहेत. सगळ्या स्टेशनांचे आवाज एका मोठ्या मशीनमध्ये ठेवायचे, ते कायमचे राहतील, असं त्यांचं म्हणणं. आपलं पेंग्विनवालं मशीन ते अख्खं उतरवून घेणार. त्यात तुझी ती एक फाइलही जाईल. ज्याचा आवाज त्याची परवानगी, हा आपला नियम आहे, आणि तो मी मोडणार नाही. ती पुसायची की ठेवायची, ते तू सांग. मी आपल्या मनाने पुसणार नाही.

आवाज पाठवला असता, पण आवाजाने जे केलं ते पुरे झालं. म्हणून लिहितेय. अक्षरं वाकडी आहेत. हसू नकोस.

पेंटम्मा


शनिवार, ७ डिसेंबर

सुगुणा,

बिदर गाडीच्या कंडक्टरने तुझी चिठ्ठी दिली. पंधरा वर्षांची ओळख आणि एका ओळीत काम उरकलंस. "फोल्डरला कुलूप होतं. कुणी काढलं?"

बरं. सांगते.

दसऱ्याच्या आधी विंडोजवाल्याने स्वतःला नवीन करून घेतलं, आठवतं? तू तेव्हा बियाण्यांच्या जत्रेला गेली होतीस, चार दिवस. नवीन झाल्यावर ते पेंग्विनवाल्याला ओळखच दाखवेना. नाव विचारतं, पासवर्ड विचारतं. प्रत्येकीला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, कुणी काय बघायचं, कुणी काय बदलायचं, सगळं तू ठरवून दिलेलं. माझा पासवर्ड तू माझ्या म्हशीच्या नावावर ठेवला होतास, पुढे काहीतरी आकडे. म्हैस आठवली, आकडे नाही आठवले. सहाला कार्यक्रम. मी जहीराबादच्या ख्वाजाला फोन लावला, ज्याने आपला प्रिंटर दुरुस्त केला होता तो.

"अम्मा, दोघांच्या मध्ये केबल आहे ना?"

"केबल आहे रे. केबल काय करणार? एक तेलुगू बोलतंय, दुसरं उर्दू."

"आपणही तसंच बोलतो की. अडतं का काही?"

"आपल्याला एकमेकांचा पासवर्ड लागत नाही."

तो हसला. "मग तो काढूनच टाका. पेंग्विनवर जा, मोठ्या फोल्डरवर उजवं बटण दाबा. शेअर असं आलं? खाली तीन चौकोन आहेत, तिन्हीत खूण करा. एका ठिकाणी पाहुणा लिहिलंय, तिथेही."

"पाहुणा म्हणजे कोण?"

"कुणीही, अम्मा. जो येईल तो."

मी म्हटलं, बरं. आणि केल्या खुणा. विंडोजवाल्यात काय काय करायचं तेही त्याने फोनवरूनच सांगितलं. रिकाम्या जागेत लावायची गाणी कुठून घेऊ, असं ते विचारत होतं. 'गाणी' शोधत बसायला वेळ नव्हता, मी मोठं फोल्डरच दाखवून दिलं. घे बाबा, सगळं तुझंच. तुझं 'घसा' त्याच मोठ्या फोल्डरच्या पोटात आहे, हे मला माहीत होतं की नव्हतं? माहीत होतं. त्या घाईत डोक्यात आलं नाही. दीड महिना काही झालं नाही, म्हणून तुला सांगितलंही नाही. तू परत आलीस तेव्हा म्हणालीस, "अक्का, बरं चालवलंस की." मी मान डोलावली.

झालं? मिळालं उत्तर? ख्वाजाला दोष देऊ नकोस, त्याने विचारलेल्याचं उत्तर दिलं. खुणा माझ्या बोटाने झाल्यात.

आता माझं ऐक. मंगळवारी तुझा नवरा आला होता. पायरीवर बसला, थापीची पिशवी मांडीवर. हैदराबादच्या कामावर गेलाच नाही तो. मेस्त्रीने दुसरा गवंडी घेतला म्हणे. जेवायला भावाकडे जातो, झोपायला घरी. मला वाटलं भांडायला आला. मी पदर खोचून तयार होते.

म्हणाला, "अक्का, ते पुन्हा लावा."

"काय लावू?"

"तेच. मी यादगिरीच्या टपरीवर होतो. तिने सुरुवात केली आणि सगळे हसायला लागले. पुढचं ऐकूच आलं नाही. पुढे काय म्हणाली ती?"

टपरीवर कुठवर ऐकू आलं, ते मी यादगिरीला विचारून घेतलंय. 'किष्टय्या हैदराबादला कामावर गेला की घर मोठं होतं. बावीस वर्षं झाली, तो असला की मी घरात वाकून चालते.' इथवर. मग यादगिरीच म्हणाला, "किष्टय्या, दार उंच करून घे रे, गवंडी ना तू?" आणि मग जो दंगा झाला त्यात रेडिओ बुडाला.

मी किष्टय्याला म्हटलं, "हे बघ, आवाज तिचा आहे. तिने परवानगी दिल्याशिवाय मी लावू शकत नाही."

"अकरा गावांनी परवानगीशिवायच ऐकलं, अक्का. मीच एकटा राहिलोय."

मी खोचलेला पदर सोडला. तो उठला. मग स्टुडिओच्या भिंतीची चीर बोटाने चाचपून बघितली, म्हणाला, हे भरून घ्या, पाणी आत जाईल, आणि गेला.

तेव्हा आता दोन गोष्टी सांगायच्यात तुला. ती फाइल पुसायची की ठेवायची. आणि किष्टय्याला पुढचं ऐकवायचं की नाही. काय बोलली होतीस ते तुझ्या लक्षात असेलच. नसेल तर विचार.

पेंटम्मा


गुरुवार, १२ डिसेंबर

सुगुणा,

उत्तर नाही. कंडक्टर म्हणाला, चिठ्ठी दिली, घेतली, दार लावलं. ठीक आहे.

मी विचार केला, हिला आवाजच पाठवावा. स्वतः ऐकेल, स्वतः ठरवेल. विंडोजवाल्यावर बसून 'घसा' पेन ड्राइव्हवर टाकलं. क्षणात गेलं सगळं. मी मणेम्माला म्हटलं, बघ, उगाच म्हणता मला जमत नाही. बसला वेळ होता म्हणून पेन ड्राइव्ह पंचायतीच्या मशीनवर लावून बघितला. एकच चित्र, त्यावर छोटा बाण. उघडायला गेलं की म्हणतं, सापडत नाही.

मणेम्मा म्हणाली, "अक्का, घर पाठवायचं तर नुसता पत्ता पाठवतेस काय?"

"म्हणजे?"

"ती वाट आहे गं, केबलवरून तिकडे जायची. आवाज तिकडेच राहिले पेंग्विनमध्ये. सुगुणाने शिकवलं तेव्हा तू मुरमुरे खात होतीस."

खात होते. तेही खरं.

मग पेंग्विनवर जाऊन नीट बघायचं म्हणून 'घसा' उघडलं. आता इथे मला तुला एक सांगायचंय. पहिल्या पत्रात मी 'ती एक फाइल' असं लिहिलं होतं. एक नाही. 'घसा' दर शनिवारी रिकामं करायचं काम माझं होतं. मणेम्माच्या फाइली पुसल्या. पोचम्माच्या पुसल्या. माझ्या तर त्याच दिवशी पुसायचे, माझ्या मनातलं मला दोनदा ऐकायची हौस नाही. तुझ्या ठेवल्या. तीन वर्षांच्या. तीनशे अकरा आहेत, आज मोजल्या.

का ठेवल्या, असं विचारशील. ऐकायला. दुपारी तुम्ही जेवायला घरी जाता, मी डबा आणते, तेव्हा कानाला लावून ऐकायचे. तू एकदा म्हणालीस की भाग्या झाली तेव्हा मुलगी म्हणून सासू रडली, आणि तुला रडणाऱ्या सासूचीच कीव आली. एकदा तू चार मिनिटं नुसतं अंबाडीच्या भाजीबद्दल बोललीस. एकदा माझ्याबद्दल. 'अक्का ओरडते ते बरं, गप्प बसली की भीती वाटते.' मी ते चार-पाच वेळा ऐकलं. माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. तो होता तेव्हाही माझ्याशी कुणी असं खाली बसून बोललं नव्हतं. तूही माझ्याशी नव्हतीस बोलत, माइकशी बोलत होतीस. ते कळत होतं मला.

आणि आता शेवटचं. ते लिहायला हात जात नव्हता, म्हणून मुरमुऱ्यांपासून सुरुवात केली.

त्या बुधवारी मी हौदावर नव्हते. मशीनसमोर बसले होते. तुझा आवाज सुरू झाला ते पहिल्याच शब्दाला कळलं. माऊस हातात होता. मला वाटलं बंद करावं, आणि मग तू म्हणालीस, 'वाकून चालते', आणि माझा हात थांबला. सत्तावीस वर्षं मी तेच केलं होतं आणि मला त्याला शब्द नव्हता. मला वाटलं, होऊ दे. ऐकू दे एकदा सगळ्यांना. तुझं घर, तुझा नवरा, हे मनात आलंच नाही असं नाही. आलं. तरी मी बंद केलं नाही. चार मिनिटं. तू पुढे म्हणालीस, 'तो मारत नाही, पीत नाही, कमाई हातावर आणून ठेवतो. वाईट असता तर मला कुणाला सांगता तरी आलं असतं.' मग खोकलीस, आणि म्हणालीस, 'हां, बसला आता आवाज.' आणि गाणी लागली.

किष्टय्याने हे ऐकलेलं नाही. त्याला वाटतं पुढे तू आणखी काहीतरी भयंकर बोलली असशील. बिचारा रोज नवं काहीतरी रचत असेल.

काल तांड्यावरच्या तिघी आल्या होत्या. तीच, रेडिओ बंद करणारी, आणि तिच्या दोन जावा. मला वाटलं गंमत बघायला आल्या. म्हणाल्या, "ते परत कधी लागणार?" मी म्हटलं, लागणार नाही, चुकून लागलं होतं. धाकटी जाऊ म्हणाली, "सुगुणाला सांगा, आमच्याकडेही छप्पर खालीच आहे." मोठीने तिला कोपर मारलं. मग तिघीही हसल्या आणि उठून गेल्या. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. झालं ते लिहिलं.

माफी मागत नाही. मागितली की तुला ती द्यावी लागेल, आणि तुला नकार देता येत नाही, हे मी तीनशे अकरा वेळा ऐकलंय.

पेंटम्मा


सोमवार, १६ डिसेंबर

सुगुणा,

दोन दिवस मशीनसमोर बसले. ख्वाजाला फोन केला, म्हटलं, ज्या खुणा करायला लावल्यास त्या काढायला लाव. "अम्मा, मग पुन्हा दिसायचं बंद होईल." म्हटलं, होऊ दे, यावेळी मी वही घेऊन बसलेय. त्याने सांगितलं, मी लिहिलं, मणेम्मा दाबत गेली. पाहुणा काढला. विंडोजवाल्याला आता फक्त 'गाणी' आणि 'बातम्या' दिसतात, तेही बघण्यापुरते, त्यात ढवळाढवळ करता येत नाही. माझं नवं नाव केलं, पासवर्ड वहीत. 'घसा' तुझ्या एकटीच्या नावावर केलं. आज सकाळी विंडोजवरून मी ते उघडायला गेले, तर मशीन मला म्हणालं, तुम्हाला परवानगी नाही. मणेम्माने टाळ्या वाजवल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा माझी दुपार नुसती भाकरी खाण्यात गेली.

पण शुक्रवारचं काम या कुलपाने भागत नाही. हैदराबादच्या मॅडमना मी फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, आम्ही अख्खी डिस्क उतरवतो, कुलपं केबलवरून येणाऱ्यांना असतात, डिस्क हातात असली की नसतात. चांगल्या आहेत बाई, लपवलं नाही. 'घसा' वेगळं काढून ठेवता येईल का, विचारलं. म्हणाल्या, येईल, पण जिचा आवाज तिने लिहून द्यायला हवं, तुमचाच नियम आहे ना? आपलाच आहे.

पुसायचं असेल तर तेही समजून घे. पेंग्विनवर बसून पुसलं तर टोपलीत पडतं, उद्या मन बदललं तर उचलता येतं. केबलवरून पुसलं तर टोपली नाही, तिथल्या तिथे गेलं. टोपलीतलं मी पुन्हा उचलीन, याची मला स्वतःला खात्री आहे. म्हणून पुसायचं झालं तर विंडोजवर बसून, तुझ्या नावाने, मणेम्माच्या हातून पुसू. मी खोलीबाहेर उभी राहीन. मणेम्माला तुझा पासवर्ड तेवढा कळव. मला नको.

किष्टय्या काल पुन्हा आला होता. सिमेंट घेऊन. भिंतीची चीर भरली, पैसे घेतले नाहीत, तुझं नाव काढलं नाही. जाताना विचारलं, "काही निरोप?" मी म्हटलं, नाही. एवढंच बोलला, "पुढचं वाईट असलं तरी चालेल, अक्का." पुढचं काय आहे ते मला पाठ आहे, सुगुणा. माझ्या जिभेवर आहे. दोन वाक्यं सांगितली असती तर तो माणूस त्या रात्री झोपला असता. सांगितली नाहीत. एकदा तुझा आवाज मी तुला न विचारता लोकांना दिला, आता देणार नाही. पण हे फार दिवस जमणार नाही मला. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

तर आता तीन गोष्टींची उत्तरं हवीत. तीनशे अकरा फाइली पुसायच्या, वेगळ्या काढून तुझ्याकडे द्यायच्या, की हैदराबादला जाऊ द्यायच्या. किष्टय्याला पुढचं ऐकवायचं, की तू स्वतः येऊन सांगणार. आणि 'घसा' रिकामं करायचं काम पुढे कुणाकडे द्यायचं. माझ्याकडे ठेवू नका, हे मीच सांगते.

एकेका शब्दात लिहिलंस तरी चालेल. तुझा आवाज नको, अक्षर पुरे. चिठ्ठी कंडक्टरकडे दे, तो ओळखतो मला.

उत्तर आलं नाही तर मी नियमाने काही पुसू शकत नाही आणि नियमाने काही देऊही शकत नाही. मग शुक्रवारी हैदराबादची माणसं आली की मी पेंग्विनची वायर काढून मशीन मांडीवर घेऊन दारात बसेन, आणि कुणालाच काही मिळणार नाही. पोचम्माच्या सासूची पेरणीची गाणी नाहीत, तांड्यावरच्या म्हातारीच्या बियाण्यांची नावं नाहीत, काही नाही. ती म्हातारी आता बोलण्याच्या स्थितीत नाही, तुला ठाऊक आहे. लोक विचारतील, असं का केलंस? मी सांगेन, सुगुणाने कळवलं नाही. तुझ्यावर ढकलते म्हणशील. ढकलतेय. दुसरा कुठला रस्ता तू मला ठेवला नाहीस.

बुधवार, १८ तारीख. बिदरची गाडी दुपारी बाराला इथे येते. मी थांब्यावर उभी असेन. चिठ्ठी पाठव, नाहीतर त्याच गाडीने ये.

पेंटम्मा